एसीचं खोकं आणि चाचीची भट्टी

हळदीला भाव बरा आला त्या वर्षी मी श्रीमंत झालो. म्हणजे आमच्या आळीच्या मानानं. मी शाळामास्तर, शेती घरची. नांदेडहून एसी आणला आणि बाळापूरपासून डोंगरकडा गावापर्यंत भेटेल त्याला त्याची वर्णनं ऐकवत सुटलो. पैसा आला की हवेची काळजी वाटू लागते, तशी मलाही वाटू लागली.

वर्गात मी शिकवायचो, की देश गरीब असतो तेव्हा चुलीचा धूर. कमवायला लागला की कारखान्यांचा. आणि पोटभर कमावलं की तो झाडं लावतो, नद्या धुतो. फळ्यावर याची टेकडीसारखी रेघ काढायचो, चढ आणि उतार. माझी गाडी आता उताराच्या, स्वच्छ बाजूला लागलीय याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

मागच्या घरची चाची मात्र अजून पायथ्याशीच होती. तिची मुरमुऱ्या-फुटाण्यांची भट्टी, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या सरपणावर पेटणारी. त्यावरच तिचं आणि विधवा सुनेचं घर चालायचं. मी ग्रामपंचायतीत अर्ज दिला, की ही भट्टी गावाबाहेर हलवावी. गावाबाहेर गिऱ्हाईक येणार नाही, म्हणजे ती बंदच पडणार, हे मला कळत होतं. पण अर्जाची भाषा इतकी झकास जमली होती, की मागे घ्यायला जीव होईना. बायकोनं विचारलं, तिचे फुटाणे रोज कोण खातं? मी म्हणालो, तो विषय वेगळा.

पाहणीला शुक्रवार ठरला. घर नीटनेटकं दिसावं म्हणून मी सकाळीच एसीचं खोकं, थर्माकोल, प्लास्टिक असं सगळं मागच्या भिंतीशी रचून पेटवलं आणि इस्त्रीचा सदरा घालून सरपंचांना आणायला गेलो.

मंडळी आळीत शिरली तेव्हा काळाकुट्ट धूर पसरला होता. सरपंचांच्या पांढऱ्या सदऱ्यावर काजळी येऊन बसली. मी भट्टीकडे बोट दाखवलं. शपथेवर सांगतो, त्या क्षणी मला तो धूर तिचाच वाटला.

चाची उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. उठलीसुद्धा नाही.

"मास्तर, आज जुम्मा हाय. भट्टी कालपासून थंडी. हात घालून बघा की."

मी कोपरापर्यंत हात घातला. राख गार होती. तेवढ्यात माझ्या भिंतीमागून भस्सकन जाळ उठला.

"सर, घरी आग लागली का?" सरपंचांनी विचारलं.

"नाही, एसी आणलाय."

हसून हसून एक सदस्य खालीच बसला. दुसरा मात्र म्हणाला, अर्ज तर आलेला आहे, भट्टी इतर दिवशी धूर करतेच, तेव्हा हलवायला हरकत नाही. चाचीचा सुपातला हात थांबला.

मी घाईघाईनं म्हणालो, अर्ज मागे घेतो. सरपंचांनी कागद पुढे केला, पण कारण लिहून द्या म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला भाषा सुचेना.

"मी सांगते," चाची म्हणाली. "तुमच्या नावानं लिवा. चाचीचा धूर मुरमुऱ्यासाठी हाय. माझा काहून व्हता, ते मला बी ठावं न्हाई."

मी शब्दन् शब्द तसाच लिहिला आणि राखेच्याच हातानं सही केली. कागद सरपंचांच्या खिशात गेला, तेव्हा कुठे तिनं पुन्हा तांदूळ निवडायला घेतले.