सुहासच्या खोलीतले दोन आवाज

"मॅडम, तुमचो सुहास खोलीत एकटोच बोलता. ता पण दोन आवाजांत! एक सांगता, दुसरो उत्तर देता."

सकाळी सकाळी सुहासच्या घरमालकीण शेवंताकाकींचा फोन.

मी सोशल वर्कर. मानसिक आजारातून सावरलेल्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायला मदत करते. सुहासला (नाव बदललं आहे) स्किझोफ्रेनिया. पूर्वी त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. आता गोळ्यांनी सगळं आटोक्यात. कसालला काजूच्या कारखान्यात काम मिळालं आणि त्याने हट्टच धरला, तिथेच खोली घेऊन एकटा राहणार. वालावलचा थोरला भाऊ दिगंबर कसाबसा तयार झाला. अट एकच: महिनाभर ट्रायल, काही बिनसलं तर परत घरी. महिना संपायला एक दिवस उरला होता.

मी डॉक्टरांना फोन केला. "रिलॅप्स असू शकतो," ते म्हणाले. म्हणजे आजार उलटणं. "पण आधी बघून या."

मी पोचले तर दिगंबर आधीच हजर, तोही सामानाचा टेम्पो घेऊन. काकींनी त्यालाही कळवलं होतं.

"मी तेका आजच घराक नेतंय," तो म्हणाला. "तुमचा काय ता कागदार लिवा."

आतून खरंच पुटपुटणं ऐकू येत होतं. एक आवाज जाड, एक बारीक. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी रिपोर्ट लिहून मोकळी झाले होते.

दार वाजवलं. सुहासने उघडलं. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, मागे पाटावर नारळ आणि विडा.

"सुहास, कोणाशी बोलत होतास?"

तो लाजला. "गाऱ्हाणा पाठ करतंय. उद्या महिनो पुरो होता, देवाक नारळ ठेवूचो आसा. घराकडे दादा घालता, पण हय घरचो मोठो मीच ना? आणि 'व्हय म्हाराजा' म्हणूक कोण नाय, म्हणान ता पण मीच म्हणतंय."

मी मूळची साताऱ्याची. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं, एवढं मला ठाऊक होतं. त्याची तालीम करतात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं!

"आता माणसां जमलीच आसत," सुहास म्हणाला, "तर आजच घालतंय."

आम्ही रांगेत उभे राहिलो. काकी, मी, दिगंबर आणि टेम्पोवालाही.

"बा देवा म्हाराजा, तुझ्या लेकरान हय नवी चूल मांडल्यान हा, ती पेटती ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"गोळी चुकलीच, तर येळेर याद करून दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि माझ्या दादाच्या मनात जा काय भय आसा, ता भायरच्या भायर दूर कर रे म्हाराजा!"

आम्ही तिघांनी दिगंबरकडे पाहिलं. हे उत्तर आमचं नव्हतं. दिगंबरने डोळे पुसले आणि असा ओरडला की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"व्हय म्हाराजा!"

मला इतका आनंद झाला की मी सरळ टाळ्या वाजवल्या. गाऱ्हाण्याला टाळ्या वाजवत नाहीत, हे काकींनी लगेच सांगितलं.

सुहास त्याच खोलीत राहिला. रिपोर्टात 'स्वतःशी बोलतो का?' या प्रश्नापुढे मी 'हो' लिहिलं आणि खाली कारण. डॉक्टर वाचून खूप हसले.

तेव्हापासून मी आधी दार वाजवते, मग पेन काढते.