मोत्या उठला म्हणजे सिग्नल गेला

आमच्या धंद्यात किस्से फार साठतात. त्याला कारण आहे. आम्ही जी वस्तू विकतो तिचं काम कुणाला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. मग प्रत्येक जण ते आपापल्या परीने समजून घेतो, आणि आम्ही तिथे पोचेपर्यंत गोष्ट कुठल्या कुठे गेलेली असते. वैशाली आमचं सर्व्हिस रजिस्टर लिहिते. त्यात तक्रारींपेक्षा किस्सेच जास्त झालेत. चहा येईपर्यंत त्यातले थोडे सांगतो.

आधी ओळख करून देतो. आसनगावात पिठाच्या गिरणीमागे आमची एक खोली आहे आणि माणसं तीन. सुनील इंजिनीअर, मुंबईची नोकरी सोडून इथे आलेला. वैशाली मुरबाडची, तिच्याइतकं सुबक सोल्डरिंग मी कुणाचं पाहिलेलं नाही. तिसरा मी. तीस वर्षं शहापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. आता टीव्ही कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून इथे.

वस्तू म्हणजे पंपाच्या स्टार्टरशेजारी बसणारा एक डबा. आमच्याकडे लाइट येते तिच्या मर्जीने, आणि विहिरी असतात ओढ्याकाठी खोलगट जागेत, जिथे फोनला रेंज नाही. म्हणून सुनीलने युक्ती काढली. फोन डब्याजवळ धरायचा आणि बटण दाबायचं. फोन अतिशय बारीक, उंच पट्टीच्या आवाजात गातो, डब्यातला चिमुकला माइक ते ऐकतो, आणि आतल्या चिपला कळतं की आज पंप दोन तास चालवायचा आहे. मग लाइट आली की डबा आपणच पंप सुरू करतो. दुसऱ्या दिवशी फोन पुन्हा जवळ धरला की काल पंप किती वेळ चालला ते डबा त्याच आवाजात फोनला सांगतो. वायर नको, रेंज नको, काही नको! फक्त हा आवाज इतका बारीक असतो की मोठ्या माणसाच्या कानाला तो लागतच नाही. सगळी भानगड तिथून सुरू होते.

*

पहिला डबा घेतला मुरबाडकडच्या एका भेंडीवाल्याने. आठवड्याभरात तो डबा कापडात गुंडाळून परत घेऊन आला.

"मुका हाय तुमचा डबा," म्हणाला.

सुनीलने टेबलावर लावून दाखवला. पंपाच्या जागी बल्ब होता, तो लागला. भेंडीवाला म्हणतो, "बल्ब लागला ते मला पन दिसलं. पन फोन काय बोलला? कोन बोललाच नाय तर डब्याला कळलं कसं?"

सुनीलने अर्धा तास त्याला कंपनं समजावून सांगितली. तो मान हलवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मंग पैसे परत द्या."

तेव्हा वैशाली हळूच म्हणाली, "सर, एक टिंग टाका ना." सुनीलने टाकलं. आता बटण दाबलं की शेवटी फोनमधून मोठ्याने 'टिंग' असं वाजतं. त्या टिंगमध्ये काहीही नाही. डबा त्याच्याकडे लक्षसुद्धा देत नाही. भेंडीवाला मात्र खूश होऊन गेला, आणि महिन्याने त्याचा फोन आला.

"एक नंबर चालतंय! फकस्त ते टिंग जरा मोठं करा. माजा पंप लांब हाय!"

*

एकदा एका शाळेत आम्हाला हे दाखवायला बोलावलं. सातवीचा वर्ग, समोर हेडमास्तर, टेबलावर डबा. सुनीलने बटण दाबलं आणि अख्ख्या वर्गाने एकदम कानावर हात ठेवले.

हेडमास्तर ताडकन उठले. "पाहुण्यांसमोर हे काय चाललंय? हात खाली!"

पोरांनी हात खाली घेतले. सुनीलने दुसऱ्यांदा दाबलं, हात पुन्हा वर! सुनील म्हणाला, "सर, त्यांना ऐकू येतं. लहानपणी कान तेवढे तिखट असतात. तुम्हाला-मला नाही येणार."

हेडमास्तरांनी वर्गाकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं. "या वर्गाला मी वर्षभर शिकवतोय," ते म्हणाले, "त्यांना ऐकू येतं याचा मला आजवर काहीच पुरावा मिळालेला नाही."

*

त्यावरून सुनीलला कानांची परीक्षा घ्यायची लहर आली. गिरणी बंद असली की आमची सगळी टेस्टिंग होते, कारण गिरणीच्या पट्ट्यापुढे कुठलाच माइक टिकत नाही. तशीच एका दुपारी गिरणी थांबली. सुनील आवाजाची पट्टी खालपासून वर चढवत गेला. ऐकू येईल तोवर हात वर ठेवायचा.

माझा हात सगळ्यांत आधी खाली आला. फार आधी! मग सुनीलचा. वैशालीचा हात वरच होता. तिचा हात दुखायला लागला तरी ती ऐकतेच आहे.

तीस वर्षं मी नुसत्या खरखरीवरून रेडिओतला बिघाड सांगत होतो. आता मी जो माल बनवतो तो मला ऐकू येत नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला मशीन कशाला लागतं? मला विचारायचं होतंत!"

*

सुनीलचा नियम आहे, एका डब्याला एकच फोन. बटण दुसऱ्या फोनवर पाहिजे असेल तर डबा आमच्याकडे आणायचा. डोळखांबकडच्या दोघा भावांना हा नियम मान्य नव्हता. थोरल्याने आपल्या फोनचं गाणं दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केलं आणि धाकट्याला व्हॉइस मेसेज करून पाठवलं. धाकट्याने ते डब्याजवळ वाजवलं. टिंग झालं, पंप काही लागला नाही. दोघेही भांडायला आसनगावला हजर!

सुनीलने सांगितलं, "मेसेज पाठवताना फोन आवाजाची फाइल लहान करतो. माणसाला ऐकू येतं तेवढं ठेवतो, बाकीचं टाकून देतो. टिंग तुम्हाला ऐकू येतं, म्हणून टिंग पोचलं. खरा निरोप वाटेत गळला."

धाकटा विचारात पडला. मग थोरल्याला म्हणाला, "दादा, तरी मी सांगत होतो, आपन समोरासमोर बोलत जाऊ."

*

आता शेणव्याचा नामदेव. हा ग्रामपंचायतीचा पंप ऑपरेटर, पन्नाशीचा, सडपातळ. याला बोलल्याशिवाय कुठलंच काम करता येत नाही. माणूस नसेल तर व्हॉल्व्हशी बोलेल. बरोबर मोत्या नावाचा कुत्रा कायम.

आम्ही डबा बसवायला गेलो तेव्हा नामदेवने सुनीलला बाजूला घेतलं. आधी तो लाइटची वाट बघत दिवस दिवस पंपघरात बसायचा. आता ते काम डबा करणार होता.

"साहेब, येक इचारू? माजी नोकरी ऱ्हाईल ना?"

सुनील म्हणाला, "तुमचा त्रास कमी होईल, नामदेवकाका." हे काही उत्तर नव्हतं. ते नामदेवला कळलं, मलाही कळलं. मी खाली बघून स्क्रू आवळत बसलो.

पंधरा दिवसांनी नामदेवचा फोन आला, मोठ्या उत्साहात. म्हणे, मोत्याला आवाज ऐकू येतो! डब्यापाशी फोन धरला की तो झोपेतून उठून उभा राहतो. कुत्र्याचे कान तिखट असतात हे खरंच आहे. त्यामुळे सुनीललाही आनंद झाला. त्या दिवसापासून नामदेव टिंगकडे लक्ष देईना. "मोत्या उठला म्हंजे सिग्नल गेला!" वैशालीही रजिस्टरात शेणव्याच्या पानावर तसंच लिहू लागली: मोत्या उठला, सिग्नल ओके.

एकदा मात्र सकाळी सकाळी फोन आला. नामदेवचा घसा पार बसलेला, आवाज ओळखू येईना. कसाबसा बोलला, "मोत्या उठंना!"

सुनीलला वाटलं कुत्रं गेलं. त्याने चार शब्द सांत्वनाचे काढले. तिकडून नामदेव, "त्यो मजेत हाय! तुमचा डबा बिघडलाय!"

आम्ही तिघेही शेणव्याला गेलो. डबा चालत होता, फोन चालत होता, पंपही चालत होता. फक्त कुत्रा उठत नव्हता. सुनीलने फोनचा स्पीकर ब्रशने साफ केला, डब्यातला प्रोग्राम बदलला. वैशालीने नामदेवला खडीसाखर दिली. तिसऱ्या दिवशी नामदेवचा खणखणीत आवाजात फोन, "मोत्या उठला! डबा दुरुस्त झाला!"

सुनीलने तो नवा प्रोग्राम मग सगळ्या डब्यांत टाकला.

*

श्रावणात वेगळंच. ओढ्याकाठचे किडे भर दिवसा असे किर्र करायला लागले की त्यात डब्याला फोनचं ऐकूच येईना. नामदेवने आम्हाला विचारलंसुद्धा नाही. घरातलं लावणीच्या वेळचं इरलं आणलं, बांबूचं, पाठीवर घेऊन वाकतात ते. डबा, फोन आणि स्वतः असे तिघेही त्याच्याखाली! काम फत्ते.

पंचायतीचा एक तरुण मेंबर आहे, कैलास. तो तिथून जात होता. त्याने इरल्याखालच्या नामदेवचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आमचे पंप ऑपरेटर. रोजची ड्यूटी दोन मिनिटं.'

गाव हसलं. पण पुढच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की दोन मिनिटांच्या ड्यूटीला माणूस कशाला पाहिजे. नामदेवने मला फोन केला. त्या दिवशी तो फारसं बोलला नाही. मला अपराधी वाटलं. डबा माझ्याच हाताने बसवला होता.

*

कैलासने तोडगा काढला होता. एक दिवस तो नामदेवच्या मागे उभा राहिला आणि त्याने फोनचं गाणं रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकलं. ओढ्याकडे जाईल त्याने ते डब्याजवळ वाजवायचं. झालं! नामदेवची गरजच नाही. सरपंचबाई म्हणाल्या, आधी डोळ्यांनी बघीन, मग ठरवीन. सकाळी दहाला सगळे पंपघरावर जमले, आम्हालाही बोलावलं होतं. लाइट होती. मोत्या सावलीत आडवा पडला होता. नामदेव लांब एका दगडावर बसला होता, हातात टोपी.

डोळखांबच्या भावांचं काय झालं ते आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. आम्ही तिघेही गप्प राहिलो. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

"लाव रे," सरपंचबाई म्हणाल्या.

कैलासने आवाज पूर्ण मोठा केला आणि फोन डब्याला लावला. आतून नामदेवचा आवाज आला.

"ऊठ रे मोत्या, पानी सोडतो. आज आधी वरच्या वाडीला सोडू, काशीआजी आजारी हाय. तिला डोक्यावरनं हंडा कोन आननार? आन चाफ्याखालचा व्हॉल्व्ह गळतोय, त्याला सुतळी बांधायची हाय. मंग भाकर खाऊ."

मग टिंग!

"झालं टिंग," कैलास म्हणाला.

पंप लागला नाही. सगळे डब्याकडे बघत उभे. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा काशीआजी, पुन्हा सुतळी, पुन्हा टिंग. पंप ढिम्म.

मोत्या मात्र पहिल्याच शब्दाला उठला होता. तो अंग झाडून सरळ कैलासपाशी गेला आणि फोनकडे बघत शेपूट हलवायला लागला.

सरपंचबाईंनी नामदेवकडे वळून विचारलं, "काशीआजीला रोज आधी सोडतोस?"

"बरी होईस्तोवर," नामदेव म्हणाला.

"कैलास, ठेव तो फोन खिशात. नामदेव, ये, सोड पानी. उद्या पन तूच सोडायचंस."

नामदेव उठला. त्याने टोपी डोक्यावर घातली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो एक शब्द न बोलता डब्यापाशी गेला. त्याने आपला फोन धरला आणि बटण दाबलं. पंप धडधडत सुरू झाला.

मोत्या कैलासच्या पायाशी आरामात पसरला होता. त्याने कानही हलवला नाही.

वैशालीने रजिस्टर उघडलं, पेन काढलं आणि शेणव्याचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"काका," ती मला म्हणाली, "मोत्या उठला, तवा सिग्नल नाय. मोत्या झोपला, तवा सिग्नल ओके. मंग आता हे मागचं सगळं पान खोडू का?"