उसातली गोल वाट

ज्या शिवाराची मला खडान्खडा माहिती आहे असं मी सगळ्यांना सांगतो, त्याच शिवारात मी गेल्या हिवाळ्यात हरवलो. सोबत जावई होते आणि विहीणबाईही होत्या. एकटा हरवलो असतो तर कुणाला सांगितलंही नसतं.

आमचे जावई निखिल इंग्लंडात असतात. तिकडं त्यांच्या घराजवळ मोठा उघडा माळ आहे, त्याला ते मूर म्हणतात. सुट्टीच्या दिवशी माणसं बूट चढवून त्या माळावर लांबलचक फेरा मारतात आणि जिथून निघाली तिथंच परत येतात. न्हावऱ्याला, आमच्या गावी, ओट्यावर बसून त्यांनी हे सांगितलं, तेव्हा माझी बायको म्हणाली, "तिथंच यायचं तर निघायचं कशाला?"

मला मात्र चेव आला. असा फेरा आमच्या शिवारातही होतो, म्हटलं. गावामागचा माळ, मग ओढा, मग बांधाबांधानं घर. न्याहारी करून निघायचं, जेवायला परत. निखिल फोनवर नकाशा काढायला लागले, तर मी फोन खिशात ठेवायला लावला. "जावईबापू, हितं नकाशा मीच हाय." (हे वाक्य त्यांनी पुढं तिकडच्या मित्रांना भाषांतर करून सांगितलं, असं मुलगी म्हणते.) विहीणबाई पुण्याच्या, रोज बागेत चालणाऱ्या. त्याही नवे पांढरे बूट घालून तयार झाल्या.

आता खरं सांगायचं तर माझी सगळी नोकरी कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टा करण्यात गेली, आणि राहायला होतो दौंडला. गावी परतलो ते निवृत्त झाल्यावर. शिवार पायी फिरलो होतो ते शाळेत असताना. पण पाहुण्यांना निघताना सांगावी अशी ही गोष्ट नव्हती.

माळ छान झाला. पिवळं गवत, गार वारा, लांबवर मेंढरं. निखिल म्हणाले, अगदी तिकडच्यासारखं वाटतंय. मी अशी मान डोलावली की जणू माळ मीच अंथरलाय. ओढाही सापडला. ओढ्यापलीकडं मात्र, माझ्या आठवणीत जिथं ज्वारी होती, तिथं डोक्याच्या वर गेलेला ऊस उभा होता. जिथं बांध होता, तिथंही ऊसच. मी म्हणालो, "ह्यातनं शॉर्टकट हाय," आणि आत शिरलो.

उसात शिरलं की दिशा नावाची गोष्ट संपते. वर आभाळाची एक पट्टी आणि दोन्ही बाजूंनी पानांचे ओरखडे. बरंच चालल्यावर एक पडकी विहीर लागली. आणखी चालल्यावर आणखी एक पडकी विहीर लागली. तिसऱ्या विहिरीपाशी विहीणबाईंनी हळूच विचारलं, ही तीच नाही ना? मी सांगितलं, आमच्याकडं सगळ्या विहिरी सारख्याच दिसतात. निखिल खूश होते. म्हणाले, "बाबा, गोल तर पूर्ण झाला की!"

माणूस फिरफिरून एकाच जागी येतो त्याला आमच्याकडं चकवा लागला म्हणतात. इंग्लंडात लोक त्यासाठी वेगळे बूट विकत घेतात, हे मला त्या विहिरीवर कळलं.

एव्हाना निखिलनी फोन बाहेर काढला होता, पण रेंज नव्हती. तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, या भागात उसात बिबट्या असतो म्हणतात, ते खरं का? असतो, मी म्हणालो, पण दिवसा झोपतो. आणि नेमकं पलीकडं उसाचं वाळलं पाचट सळसळलं.

यानंतर काय घडलं याबद्दल दोन मतं आहेत. माझं मत असं की मी विहीणबाईंना धीर देण्यासाठी त्यांच्याजवळ गेलो. निखिलचं मत असं की मी त्यांच्या आईच्या मागं उभा होतो आणि त्यांची ओढणी माझ्या तोंडावर होती. विहीणबाईंनी एक तुटलेला ऊस उचलला होता, याबद्दल मात्र मतभेद नाहीत.

"कोण हाय रं तिकडं?" पाचट बोललं.

ते माझे थोरले चुलतभाऊ, दत्तूआप्पा. हातात विळा. आमचं बोलणं बांधाच्या भांडणापासून बंद होतं. मुलीच्या लग्नालाही ते आले नव्हते. (ज्या बांधावरून भांडलो, तो बांध मला त्या दिवशी सापडतही नव्हता.) त्यांनी माझ्याकडं पाहिलं, विहीणबाईंच्या हातातल्या उसाकडं पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला वाकले. मीही अबोला धरून पुढं जाऊ शकलो असतो. पण विहीणबाईंचे बूट चिखलानं काळे झाले होते आणि जावयाच्या गालावर रक्त आलं होतं.

"आप्पा," मी म्हणालो, "घर कुठं हाय?"

"कुणाचं?"

"माझं."

आप्पा हसले नाहीत. त्यांचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. त्यांनी विळा कमरेला खोचला, म्हणाले, "चल," आणि उसाच्या थोड्याच सऱ्या ओलांडल्यावर समोर आमचा गोठा होता. गोठ्यापुढं बायको भांडी घासत बसली होती. आप्पांना पाहून ती हात पुसत उठली, आणि काही न विचारता आत जाऊन तिनं एक ताट जास्त मांडलं. आप्पा जावयाशेजारी बसून जेवले. दुसऱ्यांदा आमटी त्यांनी स्वतःहून मागितली, तेव्हा बायको पाठ वळवून उगाच भाताचं झाकण शोधत राहिली.

तेव्हापासून आप्पा आणि मी रोज बोलतो. म्हणजे ते पारावर बसून हीच गोष्ट सांगतात आणि मी ऐकतो. गोष्ट दर वेळी थोडी वाढते. परवा त्यांनी सांगितलं की त्या दिवशी उसात बिबट्या खरंच होता. त्याला बाहेर पडायचं होतं आणि मी त्याला वाट सांगितली. बिचारा अजून आतच फिरतोय.