टन की ठप

कुठलीही वस्तू हातात आली की मामा आधी तिच्यावर बोटाच्या पेराने ठोकायचे आणि मान वाकडी करून कान लावायचे. घागर असो, भोपळा असो, सुताराने नुकतंच बसवलेलं दार असो. टन आवाज आला तर माल चांगला, ठप आला तर बाजूला. दर उन्हाळ्यात गावातल्या घरांवरची कवेलू, म्हणजे मातीची कौलं, फेरायचं त्यांचं काम. छपरावरचं एकेक कवेलू उचलायचं, ठोकायचं, तडकलेलं काढायचं आणि बाकीची पुन्हा रचायची. तेव्हा सवय कामातून आलेली, हे समजण्यासारखं आहे. पण ते माझं डोकंही ठोकून पाहायचे.

"कच्चं हाय अजून," आईला सांगायचे. "भाजाले टाइम हाय."

आमचं घर तेव्हा गावातलं सगळ्यात गळकं. बाबा लवकर गेले, आई दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाच्या रोवण्याला जायची. पाऊस लागला की घरात तीन गंज, एक परात आणि एक बादली मांडलेली असायची. त्यांच्यामधल्या कोरड्या जागेत मी आणि माझी पुस्तकं. दोष मामांच्या हाताचा नव्हता. आमचं गाव जंगलाला लागून. मामा छपरावरून उतरले की चार दिवसांत वांदरांची टोळी येऊन वर नाचून जायची. आई कपाळाला हात लावायची. मामा मात्र शांत.

"वांदरं माहे पार्टनर हायत, बाई. थे फोडतेत, मी लावतो."

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल, ज्याचं सगळं शहाणपण एकाच धंद्यातून आलेलं असतं. मामांचं कवेलूतून आलं होतं. "एक उताना, एक पालथा," ते म्हणायचे. "उताना पानी नेते, पालथा पानी लोटते. दोघंही उताने झाले त घर बुडते." शेजारच्या नवराबायकोचं भांडण सोडवायला गेले तरी हेच सांगायचे. कोणी उताना व्हायचं यावर मग त्या दोघांचं नवीन भांडण लागायचं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्या वह्या भिजल्या. चुलीजवळ वाळवल्या, शाई पसरली होती ते अंदाजाने वाचलं आणि पास झाले. पुढच्या वर्षी पदवी मिळाली. आमच्या घराण्यातली पहिली. हे सांगायला मी लाजत नाही. पेढा घेऊन मामांकडे गेले तेव्हा त्यांनी माझं डोकं ठोकलं, बराच वेळ कान लावला.

"टन," म्हणाले. "भाजलं."

पुढे साकोलीला कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली आणि काही वर्षांनी जुनं घर उतरवून आम्ही विटांच्या भिंती उभ्या केल्या. छपरापाशी येऊन गाडी अडली. आईला कवेलू हवी होती, मला टिन.

"टिनाखाली मे महिन्यात मानूस पापडावानी भाजते," आई म्हणाली.

"अन् कवेलूखाली भिजते."

"तुले तुह्या वह्या दिसतेत. मले दुपारी लवंडाले थंडी जागा पाह्यजे."

आठ दिवस भिंती उघड्याच राहिल्या. शेवटी आईने मामांना बोलावलं. ते कवेलूच म्हणणार याची तिला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. कवेलूवर तर त्यांची भाकर होती.

"आधी टिन आइकून येतो," मामा म्हणाले.

धुतलेला सदरा घालून ते माझ्यासोबत साकोलीला आले. दुकानात निळ्या पत्र्यावर त्यांनी ठोकलं, कान लावला. दुसऱ्यावर ठोकलं. तिसऱ्यावर. दुकान दणाणलं.

"काका, पत्रा आहे, मडकं नाही," दुकानदार म्हणाला.

"थेच त. सारेच टन म्हनतेत. याच्यात खरा कोनता न खोटा कोनता?"

मला वाटलं, झालं, हरले मी. परतीच्या बसमध्ये बाहेरच्या बांध्या पाहता पाहता मामा मग एकदम म्हणाले, "टिनच टाक, माय."

"काहून, मामा?"

त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर पेराने ठोकलं. "आइक. ठप." मग हळूच म्हणाले, "कवेलूच्या घराले दरसाल एक मानूस लागते. थो मी होतो. आता गावात कोनी चढत नाई. टिनाले कोनी लागत नाई."

घरी येऊन हे सांगितलं तशी आई चहा ठेवायला उठली. भांडण मी जिंकले होते, पण तो चहा काही गोड लागला नाही. मामा कप घेऊन उघड्या भिंतींकडे पाहत बसले होते. ते पाहून मी समोरच्या ओसरीकडे, आमच्या सपरीकडे, बोट दाखवून म्हणाले, "दोन्ही खोल्यांवर टिन. समोरच्या सपरीवर आपलीच जुनी कवेलू."

"अन् चढन कोन?" आईने विचारलं.

"मी."

"बी.ए. झालेली पोरगी छपरावर?"

"म्हनूनच त," मामा म्हणाले. "भाजलेलं हाय. फुटत नाई."

मी ओढणी कमरेला खोचून वर चढले. मामा अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर, डोळे मिटून. मी वर एकेक कवेलू ठोकायची आणि ते खालून निकाल द्यायचे.

"थो ठप बोलला. काढ."

"मामा, तडा तर दिसत नाही कुठे."

"तुले दिसाचाच नाई. मले आयकू आला."

दोन दिवस लागले. रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. मामा त्यांना ऐटीत सांगायचे, "लायब्ररीवाली हाय. माह्या हाताखाली काम शिकून राहिली."

त्यानंतरच्या थंडीत त्यांची लेक त्यांना आपल्याकडे मोहाडीला घेऊन गेली. त्यांच्या घराला कुलूप आहे आणि त्याच्या छपरावर आता नुसते त्यांचे पार्टनर बसतात. आमच्या टिनावर ते सहसा येत नाहीत. मे महिन्यात पाय भाजतात. सपरीवर मात्र नेमाने येतात.

उन्हाळा संपत आला की मामांचा फोन येतो. "चढली का?" मी फोन कवेलूजवळ धरते आणि ठोकते. मोहाडीत मामा कान लावतात.

"टन. पुढचा."

"हा?"

"ठप. बदल थो."

आई खाली सपरीत लवंडलेली असते. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरात थेंबाखाली एकही भांडं ठेवावं लागलं नाही.