शमीम मॅडमनी दोर आणि खोली वेगळी केली

सगळ्यात आधी कोण आलं म्हणाल, तर ज्यांच्याबद्दल नातीबरोबर काम करणाऱ्या पोरी "ते काही यायचे नाहीत" म्हणत होत्या, तेच समुद्र मोजणारे देशमुख साहेब! माझ्या नातीचा, दीपालीचा, साखरपुडा आमच्या म्हसावदला; मंडप बांधून व्हायचा होता आणि साहेब दारात. मागोमाग डॉ. शमीम मॅडम, दीपाली यांच्याच हाताखाली. त्यांना साठ वर्षं झाली म्हणून हे पुस्तक, आणि चौथी शिकलेल्या मला लिहायला सांगितलं, आनंद काय सांगू!

मॅडमची ओळख जुनी. दीपालीला समुद्र मोजायच्या जहाजावर पाठवायला मी आडवी आले, तेव्हा त्या शहाद्याहून येऊन माझ्या चुलीपाशी बसल्या. पुढे जहाजावरून तिचा निरोप आला की स्वतः फोन करून मला सांगायच्या.

त्यांच्या कामाला ऑन्टॉलॉजी म्हणतात. प्रत्येक जहाजाची समुद्राची मापं लिहायची तऱ्हा वेगळी. कोणी काय मोजलं, कशानं मोजलं, त्याचं एकमेकांशी नातं काय, हे कॉम्प्युटरला समजावलं की सगळ्यांची माहिती एकत्र नांदते, कुणालाही वापरता येते. नव्या सुनेला सांगावंच लागतं ना, हा तुझा दीर, हाच मोठ्या जावेच्या पोरांचा काका!

देशमुख साहेबांकडे समुद्रावरच्या जुन्या मोहिमांची माहिती. मागे कुणीतरी ती दुसऱ्या जहाजाच्या माहितीत मिसळली आणि भर सभेत साहेबांचे आकडे खोटे ठरवले. तेव्हापासून ते कुणाला काही देईनात. आता निवृत्तीला आलेले. नंतर त्या आकड्यांचा अर्थ सांगणारं कोणी नाही. मॅडमना हाच घोर.

पंगतीत विषय निघालाच. साहेबांचा आवाज चढला, "पुन्हा मला खोटं पाडायचंय का?" व्याही वळून बघू लागले. मी म्हटलं, "भाऊ, पहिले जेवी ल्या, भरीत थंडं व्हई ऱ्हायनं." कोण ऐकतंय!

मॅडम म्हणाल्या, "साहेब, तुम्ही खोली मोजलीच नव्हती, सोडलेला दोर मोजला होता. प्रवाहात दोर तिरका जातो, खोलीपेक्षा जास्त भरतो. ज्यांनी मिसळलं त्यांनी दोरालाच खोली धरलं. आम्ही दोन्ही वेगळं ठेवू. दोरावरून खोली कोणी, कशी काढली, तेही सोबत. तुमचा आकडा कोणी पुसणार नाही."

साहेबांच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच. "हे त्या सभेत कोणी का बोललं नाही?"

"मी तिथे नव्हते. असते तर बोलले असते."

 मग साहेब म्हणाले, "एका मोहिमेचं देतो. बघतो काय करता." आणि ठेचा मागितला!

तेवढ्या एका मोहिमेवर मॅडम आणि दीपाली जीव ओतून बसल्या होत्या. परवा साहेबांनी दोर नि खोली वेगळी मांडलेली बघितली. पटलं.

देव म्हणा, अल्ला म्हणा, मॅडमना भरपूर आयुष्य देवो, गुडघे शाबूत ठेवो. बाकीच्या मोहिमा साहेब त्यांच्या हाती स्वतः देणार आहेत. दोघं दीपालीच्या लग्नाला येतो म्हणालेत, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी.