मंडईच्या नाटकात बोलणारी पंचफुला

लाखांदूरच्या पंचायत समितीतला परसराम बाबू माणूस चांगला, पण छापलेल्या अक्षरावर त्याचा भारी विश्वास. घरच्या माणसानं सांगितलेलं या कानानं आत नि त्या कानानं बाहेर. तेच पेपरात आलं की लगेच खरं. ह्याच खोडीपायी त्यानं आपल्या हातानं आपल्या संसारातली मोठी मौज घालवली.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे गावची जत्राच, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. परसराम आणि त्याची बायको पंचफुला जवळपासचं एकही नाटक सोडत नसत. धान कापणीला आलेलं असो की घरी पाहुणे असोत, बसायचं पोतं आणि चादर काखेत मारून दोघं निघायची. मधे दोरी बांधलेली असायची; तो अलीकडे पुरुषांत बसायचा, ती पलीकडे बायांत, अगदी पुढे. आणि नाटक रंगलं की पंचफुला बोलायची. मनातल्या मनात नाही, चांगलं खणखणीत! खलनायकानं सुनेला घराबाहेर काढलं की ही खालून ओरडायची, "अरे मुडद्या, तुले मायबहीण हाय का नाई?" सारा मांडव हसायचा. खलनायकाचं काम करणारा धनीराम मोठा बिलंदर नट. तो मुद्दाम तिच्याकडे वळायचा, तिला आणखी चार शिव्या देऊ द्यायचा आणि मगच पुढचं वाक्य घ्यायचा. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता नवराबायको तेच नाटक पुन्हा चघळत बसायची. त्याला कथानक आठवायचं, तिला नटांचे चेहरे. दोघांचं मिळून नाटक पुरं व्हायचं.

अठ्ठ्याहत्तर सालच्या मंडईला नागपूरच्या एका पेपरचे समीक्षक आले. परसराम हरखून गेला. त्यांना खुर्ची काय, चहा काय, विचारू नका. पुढे परीक्षण छापून आलं. नाटक भडक, रडारड फार, असं त्यात होतं. ते एक वेळ चाललं असतं. पण शेवटी लिहिलं होतं की पुढे बसलेली एक अडाणी बाई सारखी मधे ओरडत होती, असे प्रेक्षक असतील तिथं कला वाढायची कशी.

ती बाई कोण, हे कचेरीत कोणाला सांगावं लागलं नाही. सगळे हसले आणि परसरामचं तोंड उतरलं. अरे, त्या समीक्षकानं एक नाटक पाहिलं, तू जन्मभर पाहत आलास! पण छापून आलं होतं ना. घरी जाऊन त्यानं ते परीक्षण बायकोला सावकाश वाचून दाखवलं आणि वर म्हणाला, "आता यापुढं गुपचूप बसत जा. माही इज्जत जाते."

पंचफुलानं चुलीतलं लाकूड तेवढं पुढे सारलं.

पुढच्या मंडईत ती गुपचूप बसली. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाली, कंबर दुखते, तुम्हीच जा. मग कंबर दर मंडईला दुखू लागली. परसराम एकटा जायचा आणि परीक्षण आलं की तिला मोठ्यानं वाचून दाखवायचा; ती हूं हूं करत तांदूळ निवडायची. पेपरात सगळं असायचं हो, कथानक, संवाद, नेपथ्य. पण तो नट रडताना कसा दिसत होता, हे सांगणारं घरात कोणी उरलं नव्हतं. नाटकावरून त्याचंही मन उडालं.

पाच-सहा वर्षांनी धनीराम त्याला बाजारात भेटला. आता थकला होता. या मंडईनंतर काम सोडणार, म्हणाला. मग विचारलं, "बाबू, वहिनी काहून येत नाईत? त्या शिव्या द्यायच्या तवा मले समजे, माहं काम जमलं म्हणून. आता काईच समजत नाई."

परसरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तडक घरी आला आणि लग्नानंतर पहिल्यांदा बायकोची मनधरणी केली. चुकलं माझं, म्हणाला. त्या समीक्षकाला काय ठाऊक, म्हणाला. पंचफुला आढेवेढे घेत का होईना, आली. नवं लुगडं नेसून पुढेच बसली.

खलनायकानं सुनेला दाराबाहेर लोटलं आणि धनीराम थांबला. पुढचं वाक्य न घेता बायांकडे पाहत उभा राहिला. परसरामला राहवेना. लोकांच्या पायांवर पाय देत तो मधल्या दोरीपर्यंत आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बोल ना वं, पंचफुला. बोल."

तिनं तोंड उघडलं. धनीरामकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आजूबाजूच्या बायांकडे पाहिलं. मग तोंडावर पदर घेऊन हळूच म्हणाली, "आता नाई जमत. मले लाज वाटते."

धनीरामनं पुढचं वाक्य घेतलं. मागचे लोक बसा खाली, बसा खाली म्हणून ओरडू लागले, तेव्हा परसराम होता तिथंच मातीत बसला.