बेस हाय

आमच्या दुकानात गाडी येते ती आवाज वाढवून घ्यायला, आणि जाताना एखादा किस्सा मागे ठेवून जाते. काढलेले जुने स्पीकर आम्ही माळ्यावर टाकतो. किश्श्यांना माळा नाही, म्हणून ते मी आल्यागेल्याला सांगत बसतो. परवा एक गिऱ्हाईक खुर्ची ओढून म्हणालं, "मालक, वूफर ऱ्हावू द्या, आदी ते काजूचं सांगा." धंदा आता या थराला आलाय.

दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत. माणसं तीन. मी संजू, वायरिंग माझ्याकडे. रफिकचाचा, डबा त्यांच्याकडे. डबा म्हणजे वूफर, जाड आवाजाचा मोठा स्पीकर, ज्यात बसवतात ती लाकडी पेटी. चाचा प्लायवूड असं कापतात की सांध्यातून मुंगी जायची नाही. आणि तिसरे आमचे वडील, आबा. आबांच्याकडे काम काही नाही, मत आहे.

दुकान मूळ त्यांचं, रेडिओ दुरुस्तीचं. दारावर पाटी अजून तीच आहे, 'सुस्वर रेडिओ, विक्री व दुरुस्ती'. खाली गाड्या उभ्या, डिक्या उघड्या, आतून छाती हलेल असा दणका, आणि वर 'सुस्वर'. लोक फोटो काढून नेतात. पाटी बदलूया म्हणून मी कितीतरी वर्षं मागे लागलोय. आबांचं उत्तर ठरलेलं.

"तुज्या त्या धडधडीत मला ज्या दिवशी गाणं ऐकू यील आन् माज्या तोंडातनं 'बेस' निगंल, त्या दिवशी बदल."

आता आबांच्या तोंडून 'बेस' निघणं म्हणजे काय ते ऐका. मी बारावी पास झालो तेव्हा ते म्हणाले, "झालास का?" माझं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, "बरं." नातू झाला तेव्हा मात्र 'बेस' म्हणाले, पण ते सुनेला. माझ्या वाट्याला तो शब्द अजून आलेला नाही. खरं सांगायचं तर पाटीचं मला एवढं काही नाही. पेंटर समोरच बसतो, दोन तासांचं काम. मला तो शब्द पाहिजे.

* * *

आणि नेमका तोच शब्द आमच्या धंद्याचा वैरी. वूफरमधून निघतो तो जाड आवाज बेस, आणि कोल्हापुरात जे झकास असतं तेही बेस.

राधानगरीकडचे एक दूधवाले पाहुणे नवी मोठी गाडी घेऊन आले. वूफर पाहिजे, पण कंपनीचा टेप काढायचा नाही. ही अट सगळ्यांचीच असते. कंपनीच्या टेपला वूफरसाठी वेगळं तोंड नसतं, मग मागच्या स्पीकरच्या वायरीतून आवाज घ्यायचा, एका छोट्या डबीतून अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, द्यायचा आणि अँपमधून वूफरला. बॅटरीवरून वायर ओढायची, तिला फ्यूज लावायचा. दिवसभराचं काम. मी सगळं चोख करून दिलं.

दोन दिवसांनी मी आपुलकीनं फोन केला. "पावणं, बेस हाय का?"

"बेस हाय की."

आठवड्यानं परत केला. पुन्हा तेच, "लई बेस हाय." मी खूश. आबांना ऐकू जावं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला होता.

महिन्यानं पाहुणे सहज दुकानासमोरून चालले होते, चहाला थांबले. मी कौतुकानं डिकी उघडली, तर वूफरची वायर सुटून लोंबत होती. पहिल्याच दिवशी दुधाची किटली आपटली होती. म्हणजे महिनाभर वूफर मुका. मी म्हटलं, अहो, मग बेस हाय कसं म्हणालात?

पाहुणे गडबडले. "आता तुमी इचारलासा. मला वाटलं खुशाली इचारताय. गाडी बेस हाय, म्हशी बेस हायत, घरात बी समदी बेस हायत. त्या डब्यातनं आवाज यायला पायजे व्हता व्हय?"

त्या दिवसापासून चाचांनी दुकानात तो शब्दच बंद केला. फोनवर विचारायचं, "धडधडतंय का?" पहिलाच फोन चाचांनी एका रिटायर्ड मास्तरांना लावला. पलीकडून मास्तर म्हणाले, "व्हय, डॉक्टरकडंच चाललोय."

* * *

आता काजू. आजऱ्याचे एक व्यापारी. त्यांच्या डिकीत चाचांनी मोठा डबा बसवला, पुढून वाटोळं भोक ठेवून. त्या भोकातून हवा ये-जा करते आणि आवाज भरदार येतो. चाचांना त्या भोकाचा एवढा अभिमान की गिऱ्हाइकाला हात घालून बघायला लावतात.

पंधरा दिवसांनी व्यापारी तणतणत आले. गाणं लावलं की मागून खुळखुळ आवाज येतो, म्हणे. डबा फुटला तुमचा. चाचांच्या कामाला कुणी नाव ठेवलं की त्यांची मान ताठ होते. त्यांनी डबा काढला, फरशीवर ठेवला, स्क्रू सोडले आणि पालथा केला. आतून काजू पडले. चांगले पांढरे, अख्खे, घमेलंभर काजू.

डिकीत ठेवलेली पिशवी उसवली होती, आणि गाडी प्रत्येक वळणाला थोडे थोडे काजू त्या भोकात ओतत होती. व्यापारी बघतच राहिले. आठवडाभर त्यांनी हमालांना शिव्या घातल्या होत्या, वजनात घट येतेय म्हणून. आता तेच काजू आमच्या फरशीवर.

आबा खुर्चीतून उठले, वाकून एक काजू उचलला, तोंडात टाकला. म्हणाले, "संजू, पाटीवर खुळखुळा लिव. ह्ये तुमचं पयलं वाद्य मला पटलं."

मला वाटलं, चला, निदान 'पटलं' म्हणाले. पण ते काजूला होतं.

* * *

एका बँकेतले साहेब आले. नवी छोटी गाडी, आणि तीन अटी. टेपला हात लावायचा नाही, वायर कापायची नाही, आणि मिसेसना दिसायचं नाही. पहिल्या दोन अटी गिऱ्हाइकाच्या असतात, तिसरी मनापासूनची असते. मी त्यांना सीटखाली बसणारा चपटा वूफर सुचवला. ड्रायव्हरच्या सीटखाली कंपनीनं वायरींचा गुंता ठेवला होता, म्हणून तो शेजारच्या सीटखाली गेला. त्या सीटवर कोण बसतं याचा विचार साहेबांनीही केला नाही आणि आम्हीही.

मॅडमना सीट हलतेय असं जाणवलं. साहेब म्हणाले, रस्ता खराब आहे. कोल्हापुरात हे कारण कुणालाही पटतं. पण गाडी सिग्नलला उभी असतानाही सीट हलायला लागली, तेव्हा मॅडमनी साहेबांना न विचारता गाडी शोरूमला नेली. तिथल्या मेकॅनिकनं गाडी फिरवून आणली, काही नाही म्हणाला. मॅडम म्हणाल्या, थांबा, गाडी मी चालवते, तुम्ही माझ्या जागी बसा. त्यांनी मेकॅनिकला शेजारी बसवलं आणि नेहमीसारखं गाणं लावलं.

मेकॅनिकनं जॉब कार्डवर लिहिलं, 'गाणे लावल्यावर इंजिन हलते.'

ते कार्ड घेऊन मॅडम थेट आमच्या दुकानात. मागे साहेब, खाली मान घालून. आता आपली पूजा होणार हे ओळखून मी अँपच्या खोक्यामागे गेलो. मॅडमनी चाचांना विचारलं, हे तुम्ही बसवलंत? चाचा हो म्हणाले. मॅडम म्हणाल्या, "माझी कंबर पंधरा दिवसांत निम्मी बरी झालीय. यांच्या सीटखाली पण एक बसवा. जेवण झालं की गाडी चालवताना पेंगतात."

आबा कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "म्हंजे ह्ये कानानं ऐकायचं न्हाईच का?" मॅडम हसल्या. मला काही हसू आलं नाही, कारण त्याच महिन्यात आबांना कानाचं मशीन लागलं होतं.

* * *

ते मशीन लागलं तो दिवस सांगतो. डॉक्टरीणबाईंनी आबांना काचेच्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि कागदावर रेघ काढून दाखवली. म्हणाल्या, बारीक आवाज गेलेत. टाळ, घंटी, बायकांचं बोलणं. जाड आवाज मात्र शाबूत आहेत.

आई म्हणाली, "माजं बोलणं तर चाळीस वर्सांमागंच गेलंय. रेघ आत्ता काढली."

आम्ही दुकानात आलो. चाचांनी तो कागद पुन्हा पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे आबा, तुमच्या कानात आता फकस्त आमचाच माल शिल्लक हाय."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं, कानातलं मशीन काढलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं. तेव्हापासून ही पद्धतच पडली. आम्ही वूफर तपासायला घेतला की मशीन खिशात. आईनं चहातल्या साखरेचा विषय काढला की मशीन खिशात. मी पाटीचा 'पा' काढला की मशीन खिशात. त्यांना वाद घालावाच लागत नाही. मशीन खिशात गेलं की बैठक संपली.

* * *

आता शेवटचा. हा मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.

आबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणायचो. गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. आबांनी एकदा स्वतःचा टेपरेकॉर्डर गावी नेऊन ते भजन भरून आणलं होतं. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. कॅसेट होती, ती मी गेल्या दिवाळीत पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि आबांना माझ्या गाडीत ऐकवली.

माझ्या गाडीत तेव्हा कंपनीचे दाराचे चिमुकले स्पीकर होते. हसू नका. आबांचा हुकूम होता, मी बसतो त्या गाडीत ती धडधड नको. मशीन लावून ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "टाळच वाजतोय. दादा कुठाय?"

मी आवाज वाढवला. टाळ वाढला. दादा काही आले नाहीत. कॅसेट झिजली, आबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले. नंतरही दोन-तीनदा त्यांनी ते लावायला सांगितलं, आणि दर वेळी तेच विचारलं. मला ते ऐकवत नव्हतं. कॅसेट झिजली नव्हती. पखवाजाची डावी, जाड आवाजाची बाजू त्या स्पीकरना झेपत नव्हती. हे मला दुसऱ्या कुणाच्या गाडीत पाच मिनिटांत कळलं असतं.

एका दुपारी आई आबांना मशीन साफ करायला रिक्षानं घेऊन गेली. मी आणि चाचांनी गाडी आत घेतली आणि बँकेच्या साहेबांचाच मार्ग धरला. चपटा वूफर, शेजारच्या सीटखाली. टेपला हात नाही, मागच्या स्पीकरवरून वायर. मी सवयीनं आवाजाचं बटण पुढे नेलं. चाचांनी माझा हात बाजूला केला. सीटवर तळवा ठेवून डोळे मिटले आणि बटण केसाएवढं मागे, केसाएवढं पुढे करत बसले. "गाण्यात बसला पायजे," म्हणाले, "गाण्यावर न्हाई."

आबा आले. ऊन लागलेलं, वैतागलेले. घरी चल, जेवायची वेळ झाली म्हणाले आणि सीटवर बसले. मी पेनड्राइव्ह लावला.

आधी टाळ आला. मग मंडळींनी चाल धरली. आणि मग खालून दादांचा डावा हात पडला.

आबांनी दाराकडे बघितलं. टेपकडे बघितलं. मग वाकून सीटखाली हात घातला, आणि मी मनातल्या मनात वायर काढायची तयारी केली. त्यांनी हात बाहेर घेतला. कानातलं मशीन काढलं. मशीन निघालं म्हणजे बैठक संपली. पण ते त्यांनी खिशात टाकलं नाही, हातातच धरलं. दुसरा तळवा सीटवर दाबून ठेवला. थोड्या वेळानं त्या तळव्याची बोटं हलायला लागली, बरोबर समेवर.

अभंग संपला. चाचा खिडकीशी स्क्रूड्रायव्हर घेऊन उभे होते.

आबा म्हणाले, "बेस हाय."

एवढी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली तो आला, आणि मला काही कळेना. मी या धंद्यात नसतो तर कळलं असतं. चाचांनी खिडकीतून डोकं आत घातलं आणि जोरात विचारलं, "आबा, कंचं बेस? बरं हाय ते, का धडधडतंय ते?"

आबांनी सीटवरचा तळवा उचलला नाही.

मी म्हटलं, "आबा, पेंटरला बोलवू?"

आबांनी हातातलं मशीन खिशात टाकलं, खिशाचं बटण लावलं आणि म्हणाले, "पयल्यापास्नं लाव."